मातीवरची चाकोरी : स्त्रिया आणि मोटार शर्यतींच्या अभ्यासाची प्रस्तावना

आमच्या एरंडोलच्या शिवारात कापसाची शेवटची वेचणी झाली आणि पऱ्हाट्या उपटून बांधाला लागल्या, की गाडीवाट उघडी पडते. पावसाळ्यात याच वाटेवर काळ्या मातीत चाकं रुतत गेलेली असतात. ऊन तापू लागलं की त्या खुणा वाळून कडक होतात. त्यांना आपण चाकोरी म्हणतो. बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, सगळं त्या चाकोरीतूनच जातं. बाहेर पडायचं तर चाकाला काठ चढावा लागतो, जू हेलकावतं, बैल बिथरतात, आणि कासरा नेमका किती सैल सोडायचा हे हाकणाऱ्याला कळत नसेल तर गाडी आडवी होते.

मातीच्या ट्रॅकवर मोटार पळवायला शिकणारी मुलगी पहिला धडा हाच गिरवते. आज चाकोरी कुठे पडली आहे, ती किती फेऱ्या टिकेल आणि कधी सोडायची. मोटार शर्यतींतल्या स्त्रियांविषयी गेली काही वर्षं मी जे वाचत आणि जमवत आलो, त्याचा धागा मला या एका गोष्टीत सापडला. म्हणून या अभ्यासक्षेत्रात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी झगमगत्या डांबरी सर्किटवर न नेता आधी मातीवर नेणार आहे. वाचक शर्यतींचा शौकीन असो की समाजशास्त्राचा विद्यार्थी, त्याचं इथे मनापासून स्वागत आहे. गाडीच्या इंजिनाची माहिती नसली तरी चालेल. ओली माती आणि कोरडी माती यांतला फरक ज्याच्या पायांना ठाऊक आहे, त्याची निम्मी तयारी झालेली आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. अमेरिकेत ‘स्टॉक कार’ म्हणून जी शर्यत प्रसिद्ध आहे, तिच्यातल्या ‘स्टॉक’चा अर्थ दुकानातून मिळते तशी, कारखान्यातून बाहेर पडली तशी गाडी. आजच्या स्टॉक कारचा दुकानाशी संबंध फक्त आकारापुरता उरला आहे. पण १९ जून १९४९ रोजी शार्लट इथे स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेची पहिली शर्यत झाली तेव्हा तो अर्थ शब्दशः खरा होता. पाऊण मैलाचा मातीचा गोल, २०० फेऱ्या, ३३ गाड्या. ग्लेन डनवे पहिला आला. मग तपासनिसांनी त्याची फोर्ड उचलून पाहिली, तर मागच्या स्प्रिंग मजबूत करून घेतलेल्या. ती गाडी चोरट्या दारूची वाहतूक करणारी होती. डिकीत माल भरला तरी मागचा भाग खाली बसू नये, पोलिसांना संशय येऊ नये, म्हणून केलेली ती सोय होती. डनवे बाद झाला आणि विजय लिंकन गाडी चालवणाऱ्या जिम रोपरला मिळाला. या खेळाचा जन्म कुठल्या रस्त्यांवर झाला, हे त्या स्प्रिंगांइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. रात्रीच्या अंधारात, डोंगराळ कच्च्या वाटांवर, लादलेली गाडी जोरात हाकायची. ज्यांना हे जमत होतं त्यांतले काही पुढे ट्रॅकवर आले.

त्याच पहिल्या शर्यतीत जॉर्जिया राज्यातली सारा ख्रिश्चन होती. हे मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण ‘आता कुठे मुली या खेळात येऊ लागल्या’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की ते खरंच वाटू लागतं. स्त्रिया पहिल्या दिवसापासून होत्या. त्याच वर्षी जुलैत डेटोनाला, अर्धा समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर आणि अर्धा रस्त्यावर असलेल्या मार्गावर, सारा ख्रिश्चन, लुईस स्मिथ आणि एथेल मोब्ली अशा तिघी एकाच शर्यतीत धावल्या. एथेलचे तीन भाऊही त्याच शर्यतीत होते. त्यांतल्या दोघांना मागे टाकून ती अकरावी आली. २ ऑक्टोबरला पिट्सबर्गजवळच्या हायडलबर्ग ट्रॅकवर सारा ख्रिश्चन पाचवी आली. त्या सर्वोच्च मालिकेत पहिल्या पाचांत आलेली ती आजही एकमेव स्त्री आहे. पुढच्या पंच्याहत्तर वर्षांत कुणालाही ते जमलेलं नाही.

अभ्यासकाने इथे थांबायला हवं. क्षमता वाढत जाते, संधी वाढत जाते, आणि म्हणून यश वाढत जातं, असा सरळ चढता आलेख आपल्या मनात असतो. इथे तो आलेख मोडतो. पहिल्याच वर्षी पाचवा क्रमांक आणि मग एवढा मोठा खंड. जॅनेट गथ्री १९७७ मध्ये डेटोना ५०० आणि इंडियानापोलिस ५०० या दोन्ही शर्यतींत धावणारी पहिली स्त्री ठरली. ती विमान अभियांत्रिकीतली, भौतिकशास्त्र शिकलेली बाई, आणि त्याच वर्षी ब्रिस्टलला सहावी आली. डॅनिका पॅट्रिकने २०१३ मध्ये डेटोना ५०० साठी सगळ्यांत वेगवान फेरी मारून पहिली जागा पटकावली आणि शर्यतीत ती आठवी आली. १९४९ आणि १९७७ यांच्या मध्ये काय घडलं, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की खेळात पैसा आला, ट्रॅक डांबरी झाले, गाड्या घरच्या अंगणातून निघून कंपन्यांच्या कार्यशाळांत गेल्या, आणि त्या कार्यशाळेच्या दारावर पाटी लागली. इंडियानापोलिसला १९७१ पर्यंत गॅरेज आणि पिटमध्ये स्त्रियांना प्रवेशच नव्हता. जिथे गाडी उघडतात, जोडतात, तिच्याविषयी बोलतात, त्या जागी पाऊल ठेवायचं नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. ज्याला गोठ्यात शिरता येत नाही, त्याला बैल कसे कळणार?

मातीचा ट्रॅक मात्र अंगणाच्या जवळ राहिला. तालुक्याच्या गावाबाहेर, जत्रेच्या मैदानात, कुणाच्या तरी पडीक रानात. नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेने ३० सप्टेंबर १९७० नंतर पन्नास वर्षं मातीवर पाय ठेवला नाही. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत ब्रिस्टलच्या ट्रॅकवर माती अंथरून ती पुन्हा मातीवर आली. पण त्या पन्नास वर्षांतही गावोगावचे मातीचे ट्रॅक शनिवारी रात्री उजळत राहिले. तिथे आई तिकीट फाडते, बाप पाना फिरवतो आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी छोट्या गाडीत बसते.

आता वळणावर उभं राहून पाहू. मातीचा ट्रॅक बहुधा चिकणमातीचा असतो. शर्यतीआधी त्यावर टँकरने पाणी मारतात, रोलर फिरवतात. पहिल्या फेऱ्यांत माती ओलसर आणि चिकट असते, टायर धरून राहतो. हळूहळू आतली बाजू घासून गुळगुळीत होते, काळी चमक येते, पकड जाते. सुटी झालेली माती चाकांनी बाहेर फेकली जाऊन बाहेरच्या अंगाला तिचा उंचवटा साचतो. इंग्रजीत त्याला ‘कुशन’ म्हणतात. मी मात्र ‘बांध’ म्हणतो, कारण त्याचं काम बांधाचंच आहे. हातचं निसटून जाणारं ते अडवून धरतो.

गाड्या डावीकडे वळत धावतात. वळणाच्या तोंडाशी चालक ॲक्सिलरेटर क्षणभर सोडते. वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होऊन उजवीकडे बाहेर सरकतात. गाडीचं तोंड आत वळलेलं आणि स्टिअरिंग मात्र उलटं, उजवीकडे धरलेलं. त्याच क्षणी पाय पुन्हा दाबायचा, कारण ही आडवी घसरण मागच्या चाकांच्या जोरावरच तोललेली असते. पाय जास्त पडला तर गाडीचा भोवरा होतो. एकदम काढून घेतला तर चाकं पकड घेतात आणि गाडी झटक्याने बाहेरच्या भिंतीकडे उसळते. निष्णात चालक मागचं उजवं चाक त्या मातीच्या बांधाला टेकवते, भिंतीला पाठ लावून उभं राहावं तसं, आणि बांधाच्या आधाराने पूर्ण वेग ठेवून वळण काढते. पाच फेऱ्यांनी बांध आणखी हातभर बाहेर सरकलेला असतो. म्हणजे आधीच्या फेरीचं गणित या फेरीला चालत नाही. डोळ्यांपेक्षा बैठकीला आधी कळतं की माती बदलली. मातीवर वाढलेल्या चालकांविषयी ‘गाडी अंगाला कळते’ असं जे सांगतात, त्यामागचं शास्त्र एवढंच आहे.

हे सगळं ज्या एका मुलीच्या वाटचालीत सलग पाहायला मिळतं, ती कॅलिफोर्नियातली हेली डीगन. जन्म २००१ चा. वडील ब्रायन डीगन हे मोटारसायकलवरच्या हवेतल्या कसरतींसाठी नावाजलेले. आठव्या वर्षापासून ती खडबडीत मातीवरच्या छोट्या गाड्या चालवू लागली आणि लहान गटांतली अजिंक्यपदं मिळवत गेली. २०१८ मध्ये ती नॅस्कारच्या पश्चिम विभागीय मालिकेत उतरली आणि २९ सप्टेंबरला आयडाहोतल्या मेरिडियन इथे, डांबरी पाव मैलाच्या गोलावर, शेवटच्या फेरीत आपल्याच संघातल्या चालकाला मागे टाकून जिंकली. त्या मालिकेत स्त्रीने जिंकलेली ती पहिली शर्यत. वय सतरा. पाच महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०१९ रोजी, लास व्हेगासच्या मातीच्या ट्रॅकवर ती पुन्हा जिंकली, आणि यावेळी ती आपल्या घरच्या जमिनीवर होती.

पुढची गोष्ट सांगताना लेखक बरेचदा घाई करतात, पण अभ्यासकाने तिथेच रेंगाळावं. २०२१ ते २०२३ ती नॅस्कारच्या ट्रक मालिकेत धावली. सर्वोत्तम निकाल टॅलाडेगाचा सहावा क्रमांक. २०२४ मध्ये त्याच्या वरच्या मालिकेत गेली आणि हंगाम अर्ध्यावर असताना संघाशी फारकत झाली. २०२५ मध्ये ती स्टॉक कार सोडून उघड्या चाकांच्या इंडी एनएक्सटी मालिकेत गेली, म्हणजे जवळजवळ नवा खेळ. मातीवर जे शिकली त्यातलं बरंच डांबरावर आवरावं लागतं. मातीवर घसरण हे हत्यार असतं, डांबरावर तीच टायर जाळते आणि वेळ खाते. मला तिचा हा मधला, निकालपत्रात खाली राहिलेला काळ तिच्या विजयांइतकाच मोलाचा वाटतो. शिकलेलं विसरायला शिकणं ही तरुण खेळाडूची सगळ्यांत एकाकी मेहनत असते, आणि ती हजारो डोळ्यांसमोर करावी लागली तर आणखीच.

आता आपल्याकडे वळू. भारतात स्टॉक कारची मालिका नाही. तिच्या सगळ्यांत जवळचा म्हणजे सलून गट, रस्त्यावरच्या गाड्यांवरून तयार केलेल्या गाड्यांचा. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर पुण्याच्या डायना पंडोले यांनी एमआरएफच्या राष्ट्रीय कार शर्यतींतलं सलून गटाचं अजिंक्यपद जिंकलं. पुरुषांसोबत धावून, राष्ट्रीय पातळीवर कार शर्यतीचं अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. शर्यतीत त्या आल्या २०१८ मध्ये, जेके टायरच्या स्त्रियांसाठीच्या निवड उपक्रमातून. म्हणजे ज्या वर्षी हेली डीगन मेरिडियनला जिंकली, त्याच वर्षी आपल्याकडे एक शिक्षिका, घरसंसार असलेली बाई, पहिल्यांदा शर्यतीच्या गाडीत बसत होती. एकीला आठव्या वर्षी माती मिळाली, दुसरीला मोठेपणी थेट डांबर. दोघींच्या मधली ही वर्षं कुठे गेली, हा प्रश्न मला कुठल्याही ट्रॉफीपेक्षा जास्त काळ छळत आला आहे.

माती आपल्याकडे नव्हती असं तर नाही. नाशिक, पुणे, कोल्हापूर इथे मोटारसायकलींच्या मातीवरच्या शर्यती कित्येक वर्षं होत आल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तर बालेवाडीच्या क्रीडानगरीत माती आणून, उंचवटे रचून सुपरक्रॉसची लीग भरली. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ मध्ये बाहा शर्यतींच्या विश्वचषकात स्त्रियांच्या गटाचं जेतेपद मिळवलं, तेही वाळू-मातीच्या वाटांवर, मोटारसायकलवर. पण चारचाकी घेऊन लहान वयात मातीवर शिकण्याची गावपातळीवरची जागा, जत्रेच्या मैदानासारखी सहज आणि स्वस्त, ती आपल्याकडे घडलेली नाही.

आपल्या गावपातळीवर शर्यत आहे ती बैलांची. तिचा या पुस्तकाशी संबंध काय, असं वाचकाला वाटेल. फार जवळचा आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या काळात बैलांविषयी खूप बोललं गेलं, जे योग्यच होतं. कासरा कुणाच्या हातात, याविषयी मात्र फारसं कुणी बोललं नाही. विदर्भात अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे तिथल्या बैलांच्या शर्यतीत, बायका धुरकरी म्हणून, गाडी हाकायला, उतरल्या आहेत. खानदेशात सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पळतात, गावोगावी बारागाड्या ओढल्या जातात आणि बायका कडेला उभ्या राहून पाहतात. त्याच बायका पेरणीला तिफणीमागे सरतं धरून दिवसभर चालतात. माती त्यांच्या पायाखालची, पण चाक दुसऱ्याच्या हातचं.

एक प्रसंग सांगतो. मी सात-आठ वर्षांचा असेन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी आली होती, मावशीही. सगळे दमणीतून पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना नदीच्या आटत आलेल्या पात्रात गाडी वाळूत बसली. मामा बैलांना ओरडत होता, चाबूक वाजवत होता. जितका जोर लागे तितकं चाक खाली जाई. मावशी उठली. म्हणाली, “दादा, तू खाले उतर. मी हाकस.” आम्हा सगळ्यांना उतरवलं, कासरा हातात घेतला आणि सैल सोडला. बैलांनी दम घेतला. मग तिने गाडी सरळ न काढता तिरकी वळवली, पाण्याच्या अंगाला, जिथे वाळू ओली आणि दबलेली होती. चाक कडेकडेने, कण्हत, वर आलं. पात्र ओलांडून गाडीवाट लागेपर्यंत ती हाकत होती. बैलांच्या पाठीवर तिने एकदाही चाबूक टेकवला नाही. वेशीजवळ आल्यावर कुणी न सांगता तिने गाडी थांबवली, कासरा मामाच्या हातात दिला आणि मागे जाऊन बसली.

पुढे हे वाचन करताना मला पुन्हा पुन्हा वेशीजवळचा तो थांबा आठवत राहिला. ओल्या वाळूची पकड तिला कुठून कळत होती, हा क्रीडाशास्त्राचा प्रश्न आहे. वेशीपाशी तिने कासरा का दिला, हा समाजशास्त्राचा. या क्षेत्रात दोन्ही प्रश्न एकत्र विचारावे लागतात. एकटा विचारला तर दोन्ही अर्धे राहतात.

साधनांविषयी थोडं. ‘पहिली स्त्री’ हे शब्द दिसले की आधी गट, मालिका आणि पातळी तपासावी. त्या तीन गोष्टींशिवाय तो दावा अपुरा असतो. छायाचित्रांत चालकाचा चेहरा दिसतो का गाडीचं वळण, हे पाहावं. मुलींची छायाचित्रं हेल्मेट काढलेली जास्त सापडतात. जुन्या बातम्यांत ‘अमक्याची पत्नी’ असा उल्लेख आला तर गाडी कुणाच्या नावावर होती हे शोधावं. सारा ख्रिश्चनची गाडी तिच्या नवऱ्याच्या मालकीची होती. आणि खानदेशातल्या विद्यार्थ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की आपल्या घरातल्या बायकांना विचारा, ट्रॅक्टर पहिल्यांदा कुणी, कुठल्या रानात, कुणाच्या नकळत चालवला. ती उत्तरं उतरवून ठेवा, तारीख आणि शिवाराच्या नावासह. अशी दोनशे उत्तरं जमली तर आपल्या हाती असं साधन येईल, जे आज कुठल्याही ग्रंथालयात नाही.

शार्लटच्या त्या पहिल्या शर्यतीचं निकालपत्र माझ्या टेबलावर आहे. चौदावा क्रमांक, सारा ख्रिश्चन. काही फेऱ्यांनंतर तिची गाडी एथेल मोब्लीचा भाऊ बॉब फ्लॉक याने पुढे चालवली. पहिलं प्रकरण त्या एका ओळीपासून सुरू होतं.

एरंडोल
अक्षय्य तृतीया